बातमी खरी होती का?

न्यायालयाचा अवमान हा विषय निघाला की व्याख्याते बहुधा राज्यघटनेच्या कलमांपासून सुरुवात करतात. कलमं येतीलच. आम्ही मात्र आज एक निकालपत्र घेऊन बसलो आहोत. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करताना ते जसं वाचतात, तसं ते वाचायचं आहे. म्हणजे त्यात काय म्हटलंय ते बघायचं, आणि कुठला प्रश्न दारात उभा असूनही आत घेतला गेला नाही तेही बघायचं.

निकालपत्र दिल्ली उच्च न्यायालयाचं आहे, सप्टेंबर 2007 मधलं. त्याआधी दिल्लीत काय चाललं होतं ते आठवा. निवासी भागांत थाटलेली दुकानं, कार्यालयं, शोरूम यांना सील ठोकण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये दिले होते. दुकानदार रस्त्यावर उतरले, बाजार बंद राहिले, हजारोंच्या पोटावर पाय आला. हे प्रकरण ज्या खंडपीठापुढे चाललं होतं त्याचे प्रमुख होते सरन्यायाधीश वाय. के. सभरवाल. जानेवारी 2007 मध्ये ते निवृत्त झाले. मे महिन्यात 'मिड-डे' या दैनिकाने बातम्या छापल्या. सरन्यायाधीशांच्या मुलांचा व्यवसाय आणि मॉल बांधणारे व्यावसायिक यांच्यात संबंध होते आणि सीलिंगचा फायदा अशा मॉलवाल्यांना होणार होता, असा त्या बातम्यांचा रोख होता. सोबत एक व्यंगचित्रही होतं. सभरवाल यांनी आरोप साफ नाकारले.

उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. निवासी संपादक, शहर संपादक, प्रकाशक आणि व्यंगचित्रकार अशा चौघांना 11 सप्टेंबरला दोषी ठरवलं आणि 21 सप्टेंबरला प्रत्येकी चार महिन्यांची कैद सुनावली.

आता तुम्हीआम्ही वाचक म्हणून पहिला प्रश्न काय विचारू? बातमी खरी होती का? हाच. पत्रकारांचं म्हणणं होतं, आमच्याकडे कागदपत्रं आहेत, आम्ही लिहिलं ते सत्य आहे, ते तपासा. निकालपत्र हा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जातं. कागद खोटे आहेत असं ते म्हणत नाही आणि खरे आहेत असंही म्हणत नाही. लक्ष्मणरेषा ओलांडली गेली, असं म्हणतं. रेषा नेमकी कुठून कुठे जाते हे कुणी सांगितलेलं नाही. रामायणातल्या लक्ष्मणाने ती निदान जमिनीवर आखून तरी दाखवली होती. (हशा)

थोडं कायद्याकडे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. न्यायालयाचा अवमान करण्याचे बरेच प्रकार आहेत. न्यायालयाने आदेश दिला आणि तुम्ही तो पाळला नाही, हा एक. खटला चालू असताना त्यात ढवळाढवळ होईल असं काही छापलं, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. ते पत्र गांधीजींनी 1919 मध्ये 'यंग इंडिया'त टीकेसह छापलं. त्या वकिलांबद्दलची कारवाई तेव्हा उच्च न्यायालयापुढे सुरू होती. माफी मागा, असं सांगण्यात आलं. गांधीजींनी आणि प्रकाशक महादेवभाई देसाईंनी ती मागितली नाही. मार्च 1920 मध्ये न्यायालयाने कडक शब्दांत समज देऊन प्रकरण संपवलं. पत्र अस्सल होतं की नाही हा तिथे वादच नव्हता. चालू प्रकरणात हे छापणं योग्य होतं का, एवढाच मुद्दा होता. अशा नियमाला अर्थ आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. निकाल लागण्याआधी रोज सकाळी वर्तमानपत्रात निकाल लागायला लागले तर आरोपीने जायचं कुठे?

आजचा आमचा विषय तिसरा प्रकार आहे. 1971 च्या कायद्यात तो अशा अर्थाने लिहिला आहे: न्यायालयाची बदनामी करणारं किंवा तशी बदनामी होण्याकडे कल असणारं, न्यायालयाचा अधिकार कमी करणारं किंवा तो कमी होण्याकडे कल असणारं कुठलंही प्रकाशन. 'कल असणारं' हे शब्द बघा. प्रत्यक्षात काही बिघडलं हे सिद्ध करायला नको. चोरीच्या खटल्यात चोरीला गेलेली वस्तू दाखवावी लागते. इथे न्यायालयाची प्रतिष्ठा चोरीला जाण्याचा संभव होता एवढं म्हटलं तरी चालतं. हेही लक्षात घ्या, की ज्याचा अवमान झाला असं म्हणायचं ती संस्था, तक्रार करणारी संस्था आणि निकाल देणारी संस्था बहुधा एकच असते. आमच्या गावाकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मुळात हा प्रकार आला कुठून? इंग्लंडहून. त्याचा पाया म्हणून 1765 च्या एका प्रकरणाचा दाखला देतात. जॉन आल्मन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांवर टीका करणारी पुस्तिका विकली. न्यायमूर्ती विल्मट यांनी निकाल लिहून ठेवला, पण कागदपत्रांत नावाची चूक निघाली आणि प्रकरण बारगळलं. तो निकाल कधी वाचलाच गेला नाही. विल्मट वारल्यावर त्यांच्या मुलाने 1802 मध्ये वडिलांचे कागद छापले, त्यात तो बाहेर आला. न दिलेला निकाल! आणि पुढची दोनशे वर्षं जगभरची न्यायालयं त्याच्या आधारे लोकांना शिक्षा देत राहिली. गंमत पुढे आहे. 1899 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं, की हा प्रकार इंग्लंडात आता कालबाह्य झाला आहे, पण ज्या लहान वसाहतींत काळे लोक राहतात तिथे तो लागू शकतो. म्हणजे साहेबाला स्वतःसाठी नको होता, आपल्यासाठी हवा होता. 2013 मध्ये इंग्लंडने तो कायदा करून रीतसर रद्दही केला. आपण तो सांभाळून ठेवला आहे. वारशाने आलेलं जुनं कपाट जड असलं तरी फेकवत नाही, तसं.

असो. आपला प्रश्न होता सत्याचा. आपल्या न्यायालयांनी तो कसा हाताळला? सुरुवात वाईट नव्हती. नेल्लोरहून 'प्रजा राज्यम' नावाचं तेलुगू साप्ताहिक निघायचं. कोव्वूरचे दंडाधिकारी लाच घेतात असं त्याने 1949 मध्ये छापलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1952 मध्ये निकाल लागला आणि संपादकाची शिक्षा कायम राहिली. पण त्या निकालात एक फार साधी गोष्ट मान्य केलेली आहे. आरोप खरे असतील तर ते उजेडात आणणं लोकांच्या फायद्याचंच आहे, मात्र संपादकाने ते खरे ठरवण्याचा काही प्रयत्न केला नाही, असं न्यायालय म्हणतं. म्हणजे दार किलकिलं होतं. पुरावा आणला असता तर कदाचित ऐकला गेला असता.

मग आलं मुंबईचं प्रकरण, आणि इथे आम्ही थोडं रेंगाळणार आहोत. उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी 'ब्लिट्झ'वर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयात तो चालला न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे. त्यांनी ठाकरसींच्या बाजूने तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. त्या काळात तीन लाख! एप्रिल 1965 मध्ये 'मेनस्ट्रीम' या साप्ताहिकात लेख आला. न्यायमूर्तींच्या नातेवाइकांशी संबंधित कंपनीला एका बँकेकडून कर्ज मिळालं आणि त्या बँकेच्या संचालकांत ठाकरसी आहेत, अशी ती कथा. लेखकाने निष्कर्ष स्पष्ट लिहिला नव्हता. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, बाकी वाचकाने समजून घ्यायचं. पत्रकारितेतली ही जुनी खुबी आहे आणि आम्हाला ती मुळीच आवडत नाही. आरोप करायचा तर सरळ करावा.

संपादकाला अवमानाबद्दल शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालात ते किलकिलं दार बंद झालं. अब्रुनुकसानीच्या दाव्यात सत्य हा चांगला बचाव असेल, पण अवमानाच्या कायद्यात तो मान्य केल्याची उदाहरणं इंग्लंडात किंवा भारतात जवळपास नाहीतच, असं न्यायालय म्हणालं.

आता तारकुंडे कोण होते ते बघा. सासवडचा माणूस. रॉय यांच्या मुशीतून आलेला. 1969 मध्ये न्यायमूर्तिपद सोडलं. पुढे जयप्रकाश नारायणांबरोबर नागरी स्वातंत्र्याच्या चळवळी उभ्या केल्या. आणीबाणीच्या विरोधात ठाम उभं राहिलेल्या मोजक्या लोकांपैकी एक. या देशातल्या नागरी हक्कांच्या चळवळीचं नाव घेताना तारकुंड्यांचं नाव टाळता येत नाही. अशा माणसाच्या बाबतीत त्या कायद्याने काय केलं? लिहिणाऱ्याला शिक्षा दिली. पण ज्याच्याबद्दल लिहिलं गेलं त्याला काय मिळालं? हा आरोप तपासला, खोटा निघाला, असा स्वच्छ निर्वाळा मिळाला का? तो मिळण्याची सोयच कायद्यात नव्हती. अब्रुनुकसानीचा दावा असता तर साक्षीपुरावा झाला असता, कर्ज केव्हा मागितलं, केव्हा मंजूर झालं, कुणी मंजूर केलं हे सगळं टेबलावर आलं असतं आणि लेखक उघडा पडला असता. अवमानाच्या कायद्याने संपादकाचं तोंड बंद केलं. कुजबुज मात्र चालूच राहू शकते. कुजबुजीला प्रतिज्ञापत्र लागत नाही.

या कायद्याविरुद्ध बोलताना सगळे पत्रकारांची बाजू मांडतात. आम्हाला आज प्रामाणिक न्यायाधीशाची बाजूही मांडायची आहे. 'आरोप खरा आहे का' हे विचारायचंच नाही असं ठरलं की त्यात सर्वांत जास्त नुकसान त्याचं होतं ज्याच्याबाबत उत्तर 'नाही' असं आलं असतं. निष्कलंक न्यायाधीश आणि डागाळलेला न्यायाधीश दोघांवर एकच पांघरूण पडतं. बाहेरून बघणाऱ्याला आतला कोण हे कळत नाही.

2006 च्या मार्चमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. कलम 13 मध्ये नवी तरतूद आली: प्रकाशन सार्वजनिक हिताचं असेल आणि बचाव प्रामाणिकपणे मांडलेला असेल, तर न्यायालय सत्य हा बचाव म्हणून मांडू देऊ शकतं. 'मांडू देऊ शकतं', देईलच असं नाही. तरीही ही मोठी गोष्ट होती. आणि जेमतेम चौदा महिन्यांत 'मिड-डे'ची बातमी आली. म्हणजे नव्या तरतुदीची ही अगदी सुरुवातीची परीक्षा होती. बातमी माजी सरन्यायाधीशांबद्दल, विषय लाखो लोकांच्या रोजीरोटीचा, पत्रकार म्हणतायत की कागद आहेत. याहून सार्वजनिक हित ते कोणतं?

निकालपत्राने यातून वाट कशी काढली तो भाग वाचण्यासारखा आहे. युक्तिवाद असा: सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश खंडपीठात बसतात आणि प्रत्येक आदेश खंडपीठाचा असतो. तेव्हा प्रमुखाचा हेतू वाईट होता असं म्हटलं की उरलेले एकतर नुसत्या बाहुल्या होते किंवा त्या कटात सामील होते, असा अर्थ आपोआप होतो. म्हणून हा हल्ला एका माणसावर नाही, संस्थेवर आहे.

पहिल्यांदा वाचलं की पटल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा वाचा. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश खंडपीठातच बसणार. मग या तर्काने तिथल्या कुठल्याही न्यायाधीशाबद्दल, कितीही पुरावा हातात असला तरी, काहीही बोलता येणार नाही. कारण एकाबद्दल बोललात की सगळ्यांबद्दल बोललात. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला एखादी गोष्ट ठाऊकच नसेल, हा तिसरा पर्याय निकालपत्राला सुचत नाही. तुमच्या कार्यालयात एकाने गैरव्यवहार केला असा आरोप झाला म्हणून शेजारच्या टेबलावरचे सगळे मूर्ख किंवा चोर ठरतात का? एका कारकुनाच्या चौकशीत आपण हा तर्क ऐकून घेणार नाही. आणि सगळ्यात खटकणारी बाब अशी, की संसदेने वर्षभरापूर्वीच उघडलेलं सत्याचं दार या एका तर्काने पुन्हा बंद होतं. हल्ला संस्थेवर आहे एवढं ठरलं की मग व्यक्तीबद्दलचं सत्य कशाला तपासायचं?

याचं समर्थन करणारे एक जुना मुद्दा मांडतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यायाधीश बाहेर येऊन बोलू शकत नाही, पत्रकार परिषद घेऊ शकत नाही, म्हणून कायद्याने त्याच्या वतीने बोललं पाहिजे. पदावर असलेल्या न्यायाधीशाच्या बाबतीत आम्हाला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या न्यायाधीशाच्या बाबतीत तर पूर्ण मान्य. हरलेला प्रत्येक पक्षकार त्याच्यावर संशय घेतो, आणि स्थानिक पत्रकाराचा चुलतभाऊ कधी कधी त्या पक्षकारांत असतो. पण या प्रकरणात काय झालं? सभरवाल निवृत्त झाले होते. त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला एका मोठ्या इंग्रजी दैनिकात लेख लिहून आपली बाजू मांडली, आरोपांना उत्तर दिलं. उत्तम केलं, तोच त्यांचा मार्ग होता. म्हणजे वाद सुरू झाला होता. एका बाजूने बातमी, दुसऱ्या बाजूने उत्तर, वाचक दोन्ही वाचत होते. आणि तेवढ्यात, दहाएक दिवसांच्या आत, एक बाजू दोषी ठरवली गेली. उत्तर देणाऱ्याचं उत्तरसुद्धा त्यामुळे अर्धवट राहिलं. ज्याच्याशी वाद चालू आहे त्याला तुरुंग सुनावल्यावर तुमचा मुद्दा बरोबर होता म्हणून वाद संपला, असं कोण मानेल?

व्यंगचित्रकाराबद्दल एक शब्द. सत्याचा बचाव मान्य केला तरी व्यंगचित्राचं काय करायचं? व्यंगचित्र खरं किंवा खोटं नसतंच, ते चपखल असतं किंवा फसलेलं असतं. संसदेने कलम 13 लिहिताना त्याचा विचार केलेला दिसत नाही. आम्हालाही उत्तर नीट सापडलेलं नाही, पण ज्या बातमीवर ते चित्र बेतलं आहे ती टिकली तर चित्रही टिकावं, असं आम्हाला वाटतं.

पुढे काय झालं? चौघांच्या शिक्षेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि अपील पडून राहिलं. पडून म्हणजे किती? जानेवारी 2017 पर्यंत. नऊ वर्षं उलटून गेली. या काळात, 2015 मध्ये, सभरवाल यांचं निधनही झालं. आणि निकाल काय लागला? शिक्षा रद्द. कारण? दिल्ली उच्च न्यायालयाला स्वतःच्या आणि आपल्या हाताखालच्या न्यायालयांच्या अवमानाबद्दल शिक्षा देता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल नाही, सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी स्वतःचा अधिकार आहे. बस्स. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक आहे, आम्ही त्यात खोट काढणार नाही. पत्रकार सुटले याचा आनंदही आहे. पण वाचक म्हणून आपण जिथे 2007 मध्ये होतो तिथेच 2017 मध्ये आहोत. बातमी खरी होती का? दोन न्यायालयं, दहा वर्षं, आणि या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. पत्रकारांना 'तुम्ही खरं लिहिलंत' असं कोणी म्हटलं नाही. सभरवाल यांच्या कुटुंबीयांना 'ते आरोप खोटे होते' असंही कोणी म्हटलं नाही.

सगळं असंच असतं असं मात्र नाही. 2010 चं एक उदाहरण सांगतो. सीमाशुल्क आणि अबकारी करांच्या अपिली न्यायाधिकरणात काय काय गडबडी चालतात यावर आर. के. जैन यांनी 'एक्साइज लॉ टाइम्स'मध्ये संपादकीय लिहिलं. वकिलांच्या एका संघटनेने त्यांच्यावर अवमानाची याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, उलट संघटनेलाच दोन लाखांचा खर्च भरायला लावला आणि कलम 13 बद्दल बोललं. सत्याचा बचाव साधारणपणे मांडू द्यावा, जाणूनबुजून केलेल्या बदनामीतून सुटण्यासाठी ती नुसती पळवाट असेल तरच नाकारावा, असा त्या निकालाचा आशय आहे. हा निकाल आम्हाला फार आवडतो. फक्त एक खोचक टीप जोडतो: तिथे टीका न्यायाधिकरणावर होती. स्वतःवर टीका झाली की हेच औदार्य टिकतं का, हा खरा प्रश्न.

त्यासाठी शेवटचं प्रकरण बघू. 2009 मध्ये 'तहलका'ला दिलेल्या मुलाखतीत वकील प्रशांत भूषण म्हणाले, की आधीच्या सोळा सरन्यायाधीशांपैकी निम्मे भ्रष्ट होते. अवमानाची नोटीस निघाली, त्यांना आणि संपादक तरुण तेजपाल यांना. विधान ढोबळ आहे, नावं न घेता निम्म्यांवर चिखल उडवणारं आहे. तारकुंडे प्रकरणातल्या लेखाबद्दल आमची जी तक्रार आहे तीच इथेही आहे. भूषण यांनी आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्रं दिली. हे प्रकरण ज्यांच्याबद्दल होतं ते एकेक करून निवृत्त होऊन वर्षं लोटली, खंडपीठं बदलली, 2020 मध्ये भूषण यांच्यावर ट्विटरवरच्या मजकुरावरून दुसरं अवमान प्रकरण झालं, त्यात एक रुपया दंडही झाला, आणि हे जुनं प्रकरण तसंच उभं होतं. ऑगस्ट 2022 मध्ये ते बंद झालं. दोघांनी दिलगिरी आणि खुलासा दिला होता, न्यायालयाने तो स्वीकारला. तेरा वर्षं फाइलमध्ये होती ती प्रतिज्ञापत्रं. त्यांतलं काय खरं आणि काय खोटं यावर एक ओळही न लिहिता ती फाइल बंद झाली.